मुक्तद्वार संगणक : डार्टमथ कॉलेजच्या संगणक केंद्राचा प्रकरण अभ्यास

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेसाठी स्वयंमूल्यमापन अहवाल ज्यांनी रात्री जागून तयार केला आहे, त्यांना हे लगेच आठवेल. आजवरच्या चौकटीत निकष चारमध्ये संगणक मोजायचे असतात : किती विद्यार्थ्यांमागे एक यंत्र, इंटरनेटचा वेग किती. संस्थेचं धोरण लिहायचं ते निकष सहामध्ये. तिथे ई-प्रशासनासाठी चार क्षेत्रं दिलेली असतात : प्रशासन, वित्त व लेखा, विद्यार्थी प्रवेश व साहाय्य, आणि परीक्षा. या चारांत वर्ग नाही. त्यामुळे ‘संगणक विभाग आणि संस्थेचं धोरण यांची सांगड’ असा विषय बैठकीत निघाला की बोलणं फीच्या पावत्या, हजेरी आणि निकालाच्या सॉफ्टवेअरवर येऊन थांबतं. ही कामं गरजेची आहेतच. पण महाविद्यालय कशासाठी उघडलं, या प्रश्नाशी संगणक विभागाचा काही संबंध आहे का, हे त्यातून कधीच कळत नाही.

म्हणून एक जुनं प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. ते साठ वर्षांपूर्वीचं आहे, अमेरिकेतल्या एका लहानशा गावातलं आहे, आणि त्यातली यंत्रं आज संग्रहालयातच सापडतील. तरीही या विषयावर याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शिवाय आपला त्याच्याशी थेट संबंधही आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत किंवा क्लासला पहिल्यांदा संगणकाला हात लावला, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची पहिली भाषा ‘बेसिक’ होती. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक आले, तेही बेसिकच बोलत होते. दहा, वीस, तीस असे ओळींना आकडे देत आपण जो पहिला प्रोग्राम लिहिला, त्याचं मूळ एका महाविद्यालयाच्या शैक्षणिक धोरणात आहे.

संस्था

डार्टमथ कॉलेज न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावी आहे. स्थापना १७६९ची. वैद्यक, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या शाळा असूनही संस्थेने ‘कॉलेज’ हे नाव सोडलेलं नाही, आणि त्यामागे भूमिका आहे : इथे मध्यभागी पदवीचा विद्यार्थी. १९६०च्या दशकात असे सुमारे ३,००० विद्यार्थी होते आणि सगळे मुलगे होते. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे यावंच लागेल.

१९४५ ते १९७० अशी पंचवीस वर्षं जॉन स्लोन डिकी अध्यक्ष होते. ते परराष्ट्र खात्यातून आलेले. महायुद्ध नुकतंच संपलेलं. १९४७मध्ये त्यांनी शेवटच्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रेट इश्यूज’ नावाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. मुलगा भूगर्भशास्त्राचा असो की लॅटिनचा, आपल्या काळाचे मोठे सार्वजनिक प्रश्न त्याने समजून घ्यायचे, बाहेरून येणाऱ्या वक्त्यांना ऐकायचं, वर्तमानपत्रं नीट वाचायला शिकायचं. विचार असा की हे विद्यार्थी पुढे सरकारात, उद्योगांत, वकिलीत जाऊन निर्णय घेणार आहेत. तेव्हा ज्या गोष्टींवर निर्णय घ्यायचे त्यांची ओळख त्यांना इथेच व्हायला हवी.

संस्थेचं धोरण म्हणतात ते हेच. वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवलेले होते आणि ते चुकवता येत नव्हते. पुढे संगणक केंद्र ज्या मुळावर वाढलं, ते मूळ हे आहे.

माणसं

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला डार्टमथचे गणिताचे बरेचसे प्राध्यापक निवृत्तीला आले होते. विभाग नव्याने उभा करायचा होता. त्यासाठी तिशीही न गाठलेल्या जॉन केमेनींना आणलं गेलं. जन्म बुडापेस्टचा, १९२६चा. ज्यू कुटुंब १९४०मध्ये अमेरिकेत आलं. विद्यार्थिदशेतच लष्करी सेवेत लॉस अलामोसला गेले, तिथे पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांच्या, यंत्रांवर अणुबॉम्बची आकडेमोड करणाऱ्या गटात होते. प्रिन्स्टनला पीएचडी करताना आइन्स्टाइनचे गणिती साहाय्यक होते. १९५५मध्ये ते डार्टमथच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९५६मध्ये टॉमस कर्ट्झ आले, संख्याशास्त्राचे, जॉन ट्युकींचे विद्यार्थी.

लॉस अलामोसचा अनुभव केमेनी पुढे आवर्जून सांगत. पाळ्या लावून रात्रंदिवस यंत्रं चालवायची, आणि एका गणिताला आठवडेच्या आठवडे जायचे. तेच काम १९७०च्या सुमारास डार्टमथचा पदवीचा विद्यार्थी एका दुपारी करू शकत होता, आणि त्याच वेळी त्याच यंत्रावर इतर अनेक जण आपापली कामं करत असत.

त्या दुपारपर्यंतचा रस्ता मात्र आगगाडीतून जातो. डार्टमथकडे संगणक नव्हता. बॉस्टनजवळच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत आयबीएम ७०४ यंत्र होतं आणि न्यू इंग्लंडमधल्या महाविद्यालयांना त्यावर थोडा वेळ मिळे. मग कर्ट्झ दर पंधरवड्याला सगळ्यांची पंचकार्डं पेटीत भरून सकाळच्या गाडीने सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या बॉस्टनला जात, कार्डं चालवून घेत आणि संध्याकाळी परत येत. चूक निघाली तर पुढची संधी दोन आठवड्यांनी.

या काळातला एक प्रसंग मला अख्ख्या प्रकरणाची किल्ली वाटतो. कर्ट्झना एक संख्याशास्त्रीय काम करायचं होतं. फोरट्रान ही तेव्हाची नवी उच्चस्तरीय भाषा यंत्राचा वेळ वाया घालवते, असं तज्ज्ञ सांगत. म्हणून त्यांनी यंत्राच्या जवळच्या, किचकट भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला. काही महिने गेले. चुका शोधण्यात यंत्राचा सुमारे एक तास खर्च झाला आणि उत्तर काही मिळालं नाही. शेवटी तेच काम फोरट्रानमध्ये लिहिलं. यंत्राच्या पाच-एक मिनिटांत उत्तर हाती आलं. यंत्राचा वेळ वाचवायला गेलं की माणसाचा वेळ जातो आणि शेवटी यंत्राचाही वाचत नाही, हा धडा कर्ट्झनी पक्का गाठीला बांधला.

दुसरा धडा १९५९मध्ये मिळाला. एलजीपी-३० हा लहानसा संगणक महाविद्यालयात आला. स्मृती ४,०९६ शब्दांची, तीही फिरत्या ड्रमवर. तो केमेनी-कर्ट्झ यांनी पदवीच्या मुलांच्या हाती दिला. मुलांनी त्यावर अल्गोल भाषेचे अनुवादक प्रोग्राम लिहून दाखवले. असं काम मोठमोठ्या कंपन्यांचे अनुभवी लोकच करतात, असा तेव्हाचा समज होता.

एक प्रश्न, आणि तो कुठून आला

साठच्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांपुढे जो प्रश्न होता, तो तांत्रिक नव्हता. डार्टमथमध्ये विज्ञान किंवा अभियांत्रिकी घेणारे साधारण चौथा हिस्सा. बाकीचे तीन चतुर्थांश इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, राज्यशास्त्र शिकणारे. आणि पुढे देशाचे, कंपन्यांचे निर्णय घेणारे बहुतेक याच दुसऱ्या गटातून येणार. संगणकाबद्दलचे निर्णयही तेच घेणार. ज्याने संगणक कधी वापरलाच नाही, तो त्याच्याविषयी शहाणपणाचा निर्णय कसा घेईल?

‘ग्रेट इश्यूज’च्या शेजारी हा प्रश्न ठेवून पाहा. विचार एकच आहे, विषय फक्त नवा. केमेनी आणि कर्ट्झ यांनी संगणकासाठी वेगळं उद्दिष्ट शोधून काढलं नाही. संस्था ज्यासाठी उभी होती, तेच उद्दिष्ट त्यांनी संगणकाला लावलं. आपल्याकडच्या बहुतेक आयटी आराखड्यांत नेमकी हीच पायरी गळालेली असते असं माझं मत आहे : आधी यंत्रांची यादी तयार होते आणि मग प्रस्तावनेत ध्येयवाक्य चिकटवलं जातं.

उद्दिष्ट ठरलं, ‘प्रत्येक विद्यार्थी’. आता मार्ग कोणते? विज्ञानाच्या मुलांसाठी चांगला अभ्यासक्रम करणं सोपं होतं, पण त्यात तीन चतुर्थांश बाहेर राहत. सगळ्यांना संगणकाविषयी व्याख्यानं देणंही शक्य होतं, पण दोघांचं म्हणणं असं की याविषयी ऐकून काही कळत नाही, स्वतः प्रोग्राम लिहावा लागतो. आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे खिडकीवर कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायचा म्हटलं, तर नवख्याचे पहिले चार-पाच प्रयत्न चुकणारच. म्हणजे एका साध्या उदाहरणाला आठवडा. शेकडो मुलांना असं शिकवणं अशक्य.

उत्तर एमआयटीहून आलं. पूर्वी डार्टमथला शिकवून गेलेले जॉन मॅकार्थी तिथे टाइम-शेअरिंगची कल्पना मांडत होते : एक यंत्र इतक्या भराभर एकाकडून दुसऱ्याकडे वळेल की प्रत्येकाला ते आपलं एकट्याचं वाटेल. तुम्हीही हे करा, असं त्यांनी कर्ट्झना सुचवलं. कर्ट्झनी ते केमेनींपुढे ठेवलं, आणि केमेनींनी होकार द्यायला वेळ लावला नाही.

पैसा आणि शंका

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अर्ज गेला. ही व्यवस्था पदवीचे विद्यार्थी लिहिणार, हे वाचून परीक्षकांनी भुवया उंचावल्या. तरीही अनुदान मिळालं, सुमारे तीन लाख डॉलर. यंत्रं जनरल इलेक्ट्रिकची घेतली आणि शैक्षणिक सवलतही मिळाली. जीई-२२५ हे मोजणी करणारं यंत्र, आणि डेटानेट-३० हे मुळात टेलिटाइपचे, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्रांचे, संदेश हाताळण्यासाठीचं. मुलांनी या दोघांची जोडी जमवली : सूत्रं डेटानेटच्या हाती आणि गणित जीई-२२५कडे. यंत्रं १९६४च्या सुरुवातीला आली. जॉन मॅकगीची आणि माइक बुश या विद्यार्थ्यांनी नियंत्रणाचा गाभा लिहिला, बेसिकचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादक, केमेनींनी आधीच हाती घेतला होता. १ मे १९६४च्या पहाटे चारच्या सुमारास दोन टेलिटाइपवरून दोन बेसिक प्रोग्राम एकाच वेळी चालले. त्या वर्षीच्या शरद सत्रात वर्ग सुरू झाले तेव्हा वीसेक टर्मिनल जोडलेली होती.

यंत्रं येण्यापासून ती पहाट उजाडेपर्यंत काही महिनेच गेले, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. पैसा मर्यादित, माणसं मोजकी. अशा स्थितीत एवढा वेग आला, कारण काय करायचं नाही हे स्पष्ट होतं.

उद्दिष्ट तळापर्यंत कसं पोचलं

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. धोरण आणि आयटी यांची सांगड बहुधा वरच्या मजल्यावर शोधली जाते : समिती कोणती, अहवाल कुणाला. डार्टमथमध्ये ती अगदी तळाशी सापडते, एरवी तंत्रज्ञांवर सोडून दिल्या जाणाऱ्या निर्णयांत.

भाषेपासून सुरुवात करू. फोरट्रान आणि अल्गोल तयार होत्या, त्या वापरता आल्या असत्या. पण फोरट्रानमध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक यांचे प्रकार वेगळे ठेवावे लागतात, स्वल्पविरामांचे नियम पाळावे लागतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे का शिकायचं? म्हणून नवी भाषा केली. पहिल्या आवृत्तीत सूचना जेमतेम चौदा-पंधरा. संख्या म्हणजे संख्या, तिचे प्रकार नाहीत. शब्द रोजच्या इंग्रजीतले : लेट, प्रिंट, इफ, देन, एंड. यंत्राशी बोलणं सुरू करायचं तर ‘हॅलो’ टाइप करायचं, निघताना ‘गुडबाय’. नवीन काम म्हणजे ‘न्यू’, जुनं म्हणजे ‘ओल्ड’, चालवायचं तर ‘रन’. इतरत्र जिथे लॉग-ऑन, लॉग-ऑफ असे परके शब्द होते, तिथे इथे माणसाने माणसाला म्हणावे तसे शब्द आले.

कंपायलरचंही तसंच. यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवलेला प्रोग्राम जपायचा, पुन्हा पुन्हा वापरायचा आणि वेळ वाचवायचा, ही तेव्हाची शहाणी रीत. केमेनी-कर्ट्झनी ती सोडली. दर वेळी मूळ प्रोग्रामच नव्याने यंत्रभाषेत रूपांतरित होई, आणि हे इतकं झटपट होई की विद्यार्थ्याला मधली पायरी अस्तित्वात आहे हेही कळत नसे. मिनिटं यंत्राची गेली, डोकेदुखी माणसाची वाचली. बॉस्टनच्या गाडीतला धडा इथे कामी आला.

यंत्राचा वेळ वाटतानाही लहान कामाला प्राधान्य होतं. ज्याचं गणित क्षणात होणार आहे, त्याला मोठ्या गणितामागे ताटकळत ठेवायचं नाही. उत्तराला सरासरी दहा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर यंत्र आपलं आहे ही भावनाच मोडते, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. दहा सेकंदांची ही मर्यादा एखाद्या तांत्रिक पुस्तकातून आलेली नाही; खुर्चीत बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचा धीर केव्हा सुटतो, यावरून आलेली आहे.

आता अभ्यासक्रम. ‘संगणक’ नावाचा वेगळा सक्तीचा विषय त्यांनी केला नाही. पहिल्या वर्षी बहुसंख्य विद्यार्थी गणिताचा कुठलातरी विषय घेतच होते, त्यातच संगणक घातला. दोन-तीन व्याख्यानं, आणि मग मुलांनी स्वतः टर्मिनलवर बसून ठरावीक प्रोग्राम लिहायचे. शेकडो मुलांचं काम शिक्षक हाताने तपासणार कसे? त्यासाठी ‘टीच’ नावाची सोय केली : विद्यार्थ्याचा प्रोग्राम बरोबर आहे का, हे दुसरा प्रोग्राम तपासून सांगे. काही वर्षांतच सुमारे ८० टक्के विद्यार्थी संगणक वापरायला शिकून बाहेर पडू लागले.

आणि दार. ग्रंथालयशास्त्रात आपण ज्याला मुक्तद्वार पद्धत म्हणतो, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापर्यंत जायचं, पुस्तक चाळायचं आणि न्यायचं, तीच पद्धत केमेनींनी संगणकाला लावली, आणि तुलनाही उघडपणे ग्रंथालयाशीच केली. पुस्तक कशाला हवं, असं ग्रंथालयात कुणी विचारत नाही. तसंच इथेही कुणी विचारणार नाही. मुलगा संशोधन करतो आहे, गृहपाठ उरकतो आहे, फुटबॉलचा खेळ खेळतो आहे की मैत्रिणीला पत्र लिहितो आहे, याची चौकशी नाही. विद्यार्थ्याकडून पैसेही नाहीत. ग्रंथालयाचा खर्च जसा संस्था उचलते तसाच हाही.

या मुद्द्याबद्दल मला फार वाटतं. आपल्याकडची कुलूपबंद लॅब सगळ्यांनी पाहिली आहे. किल्ली लॅब असिस्टंटकडे, तो रजेवर, यंत्रांवर प्लास्टिकचे आवरण, आणि दारावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’. बी.ए.च्या मुलीला तर तो मजलाच माहीत नसतो. तपासणीच्या दिवशी तीच यंत्रं निकष चारमध्ये मोजली जातात. वाईट हेतू यात कुणाचाच नसतो. यंत्र बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर संस्थेने दिलेलं नसतं. मग खालचा माणूस कुलूप लावतो. डार्टमथमध्ये ते उत्तर वरून दिलेलं होतं.

केंद्र कुणाचं

१९६६मध्ये माजी विद्यार्थी पीटर किविट यांच्या देणगीतून स्वतंत्र इमारत झाली, किविट संगणन केंद्र. कर्ट्झ १९६६ ते १९७५ तिथले संचालक होते. संचालक म्हणजे वर्गात शिकवणारा संख्याशास्त्रज्ञ. व्यवस्था लिहिणारे, दुरुस्त करणारे आणि अडलेल्याला मदत करणारे बरेचसे विद्यार्थीच. वापरणारा आणि बनवणारा एकाच भोजनगृहात जेवायला बसत असल्यामुळे तक्रार पोचायला अर्ज लागत नसे.

इथून पुढे गोष्टी वेगाने पसरल्या. जनरल इलेक्ट्रिकने याच व्यवस्थेच्या आधारावर आपली व्यापारी टाइम-शेअरिंग सेवा उभी केली. फोनच्या तारांनी आसपासच्या माध्यमिक शाळा जोडल्या गेल्या, इतर महाविद्यालयं जोडली गेली. त्यात माउंट होलिओक हे मुलींचं महाविद्यालयही होतं. डार्टमथच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता, पण डार्टमथच्या संगणकावर त्या तारेवरून पोचल्या होत्या.

१९७०मध्ये केमेनी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि अध्यक्ष असतानाही शिकवत राहिले. १९७२पासून मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळाला. त्यासाठी मुलांच्या जागा कमी करायला माजी विद्यार्थ्यांचा विरोध होता आणि नव्या इमारतींना पैसा नव्हता. तेव्हा उन्हाळ्यासह वर्षभर संस्था चालवायची आणि विद्यार्थ्यांनी आळीपाळीने परिसरात राहायचं, अशी ‘डार्टमथ प्लॅन’ नावाची मांडणी करण्यात आली. तेवढ्याच भिंतींत जास्त विद्यार्थी. एक मर्यादित साधन वेळ वाटून अनेकांना पुरवायचं, ही कल्पना आधी यंत्रावर आली आणि नंतर वसतिगृहांवर, असं मला हे वाचताना दर वेळी वाटतं. केमेनींनी तसं म्हटलं होतं असा माझा दावा नाही. पण विचाराची घडण एकच आहे.

जे राहून गेलं

हे प्रकरण निर्दोष म्हणून मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘प्रत्येक विद्यार्थी’ म्हणताना १९७२पर्यंत त्यात मुलगी नव्हती. मैत्रिणीला पत्र लिहिण्याचं उदाहरण आज वाचलं की खुर्चीत कोण बसलं आहे असं गृहीत धरलं होतं, ते लख्ख दिसतं. संगणकाचं धोरण संस्थेच्या धोरणाशी जितकं घट्ट बांधलेलं, तितकेच संस्थेचे आंधळे कोपरेही त्यात उतरतात. हा या सांगडीचा धोका आहे.

लहान कामाला प्राधान्य म्हणजे मोठ्या कामाला थांबणं. जड आकडेमोड करणाऱ्या संशोधकासाठी ही व्यवस्था सोयीची नव्हती, आणि एखाद्या संशोधन विद्यापीठात हाच निर्णय चुकीचा ठरला असता. म्हणूनच डार्टमथची नक्कल करून उपयोग नाही. तिथे पदवीचा विद्यार्थी मध्यभागी होता, म्हणून तो निर्णय तिथे बरोबर.

आणखी एक अडचण खरी आहे : हे सगळं दोन माणसांच्या भोवती घडलं. गणिताचा विभागप्रमुख पुढे अध्यक्ष व्हावा आणि त्याचा सहकारी केंद्राचा संचालक असावा, असा योग कुठे मागून मिळत नाही. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, प्राचार्यांची जागा अनेकदा प्रभारी असते, संगणक विभागाचा प्रमुख बैठकीला बोलावला जातो तो प्रोजेक्टर जोडण्यापुरता. तरीही काही जागा हातात आहेत. नव्या श्रेयांक रचनेत खुले वैकल्पिक विषय आणि कौशल्य विषय आहेत. स्वायत्त महाविद्यालयांना त्यांत बराच मोकळेपणा आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने शंभर जुन्या पत्रांची सूची स्वतः संगणकावर करायची, भूगोलाच्या विद्यार्थिनीने तालुक्याचा पाऊस नकाशावर मांडायचा, हे वेगळा ‘संगणक साक्षरता’ विषय न काढता त्या त्या विषयात घालता येतं. डार्टमथने गणितात घातलं, तसं. आणि लॅबचं दार किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हे ठरवायला तर कुठल्याच विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

केंद्राने आपली व्यवस्था सोडली तेव्हा

कुठलाही संगणक विभाग आपण बांधलेल्या व्यवस्थेच्या प्रेमात पडतो. डार्टमथकडे तर तसं प्रेम करण्यासारखी व्यवस्था होती. जगभर गाजलेली, आपल्याच मुलांनी लिहिलेली, आपल्याच नावाची. पण ऐंशीच्या दशकात टेबलावर मावणारे संगणक आले. ‘प्रत्येक विद्यार्थी’ हे उद्दिष्ट आता मोठ्या सामायिक यंत्रापेक्षा या लहान यंत्रांनी जास्त चांगलं साधणार होतं.

१९८४मध्ये डार्टमथने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ॲपलचा मॅकिंटॉश संगणक घेण्याची शिफारस केली आणि वसतिगृहांच्या खोल्यांपर्यंत तारा नेल्या. त्या दशकाच्या अखेरीस ‘ब्लिट्झमेल’ ही स्वतः लिहिलेली ईमेल व्यवस्था आली, आणि थोड्याच काळात मुलं एकमेकांना फोन करण्याऐवजी ‘ब्लिट्झ’ करू लागली. १९९१पासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक असणं बंधनकारक झालं. जुनी टाइम-शेअरिंग व्यवस्था हळूहळू कडेला सरकत गेली. १९९९मध्ये ती बंद केली, तेव्हा पहिल्या पहाटेला पस्तीस वर्षं झाली होती आणि खोल्याखोल्यांतली यंत्रं चालू होती.